मांडव्याचा धक्का, चोंढीची पेठ आणि आपले हुनर

मांडवा म्हटले की पुष्कळांना अजून गाव आठवत नाही, चित्रपट आठवतो. १९९० साली 'अग्निपथ' आला, २०१२ मध्ये तो नव्याने निघाला, आणि रायगड किनाऱ्यावरचे हे लहानसे गाव हिंदुस्थानभर पोहोचले. नव्या चित्रपटातला मांडवा तर दीवमध्ये उभा केलेला होता. त्या कथेतली एक गोष्ट मात्र आम्हांला नेहमी खरी वाटत आली आहे. गावावर डोळा ठेवणारा माणूस सर्वांत आधी शाळेच्या मास्तरला बाजूला करतो. मास्तर गेला की मग गाव घ्यायला वेळ लागत नाही.

व्यापाराच्या पानावर चित्रपट आणि मास्तर कशाला, असे वाचक विचारतील. कारण असे की आज मांडव्यापासून अलिबागपर्यंतच्या पट्ट्यात पैसा येत आहे, गिऱ्हाईक येत आहे, कला येत आहे. येत नाही ती फक्त तालीम. आणि ती आली नाही तर या सगळ्या उलाढालीत आपला व्यापारी आणि आपला कारागीर कोठे उभा राहील, याची आम्हांला काळजी वाटते.

आधी बाजार काय झाला आहे ते पाहू. पूर्वी मुंबईहून मांडव्याला यायचे म्हणजे गेटवेहून लाँच किंवा कॅटामरान. पावसाळा लागला की ती बंद. मग वडखळ-पेण मार्गे शंभर किलोमीटरहून अधिक रस्ता तुडवायचा. जून ते ऑगस्ट धक्का ओस पडे आणि चोंढी नाक्यावरची दुकाने माशा मारीत बसत. १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली. आठवड्याभरात टाळेबंदी आली, तेव्हा लोक म्हणाले, हेही बुडाले. पण झाले उलटे. शहरात कोंडलेल्या पैसेवाल्यांनी गाडीसकट तासाभरात समुद्र ओलांडायला सुरुवात केली, आणि आवास, सासवणे, किहीम, झिराड या गावांत बंगल्यांची कामे निघाली. बोट पावसाळ्यातही चालते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूही खुला झाला. आता कारंजा-रेवस पूल झाला की राहिलेले अंतरही जाईल.

आमच्या कापडाच्या धंद्यात हा फरक तागे मोजताना कळतो. चोंढीच्या दुकानांत पूर्वी काय खपत असे? लुगडी, शाळेच्या गणवेशाचे कापड, लग्नाचा बस्ता, ईदला शर्टपीस आणि सलवारीचे कापड. आज गिऱ्हाईक येते ते पडद्याचे कापड, कॅसमेंट, लिनन आणि सोफ्याचे जाड कापड मागत येते. रंग सांगते तो आपल्या कानाला रंगच वाटत नाही. वाळूचा रंग, राखेचा रंग, कच्च्या सुताचा रंग. सुरुवातीला आम्हांला वाटे की हे लोक रंग न दिलेला माल मागत आहेत, म्हणजे स्वस्तात पटवू पाहत आहेत. पुढे लक्षात आले की त्या बिनरंगी मालालाच ते दुप्पट भाव द्यायला तयार आहेत.

पण बंगला उभा राहतो तेव्हा काम कोणाला मिळते? फर्निचर जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारातून किंवा चोर बाजारातून येते. ते करणारे आणि विकणारे बहुतेक आपलेच बांधव, ही समाधानाची गोष्ट. पण ते तिकडचे. पडदे मुंबईत शिवून येतात. फरशी बसविणारा बाहेरचा, रंगारी बाहेरचा. गावातल्या मुलाला मिळते ती फाटकावरची नोकरी, गाडी धुण्याचे काम, बागेला पाणी. ज्याच्या बापाने जमीन विकली त्याचाच मुलगा त्याच जमिनीच्या फाटकावर वॉचमन, असे चित्र या पट्ट्यात शोधायला फार लांब जावे लागत नाही. यात कोळी आले, आगरी आले, आणि आपली कोकणी मुस्लिम घरेही आली.

कारागीर तिकडे गेले, गिऱ्हाईक इकडे आले

वास्तविक हा किनारा हुनराच्या बाबतीत कधी गरीब नव्हता. अलिबागच्या दक्षिणेला चौल आहे. आज तेथे नारळी-पोफळीच्या बागा आणि पडकी तटबंदी दिसते. अरब लेखक अल मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास सैमूर बंदरात आला होता. हे सैमूर म्हणजेच चौल, असे बहुतेक इतिहासकार मानतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन वसलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तेथे राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे पोर्तुगीजांच्या काळात चौलचे रेशमी आणि सुती कापड दूरदूरच्या बंदरांत जात असे.

मग ते विणकर गेले कोठे? सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांच्या कंपनीच्या हाती आली, तेव्हा नव्या बंदराला माणसे हवी होती. कंपनीने चौलचे विणकर बोलावून घेतले आणि त्यांच्या राहण्यासाठी मुंबईत वेगळी गल्ली वसविली. म्हणजे मुंबईच्या कापडबाजाराच्या पायात चौलचा दगड आहे. मंगलदास मार्केटात माल घेताना आम्ही हे एकदा एका तरुण गुमास्त्याला सांगितले, तर तो म्हणाला, "चाचा, मग तुम्ही माल आमच्याकडून का घेता?" त्याला आम्ही काय उत्तर देणार?

साडेतीनशे वर्षांपूर्वी मुंबईने येथले कारागीर नेले. आज मुंबईचे गिऱ्हाईक आपल्या पायांनी येथे येत आहे आणि घ्यायला येथे कारागीर नाही. म्हणून ते आपला कारागीर बोटीतून सोबत आणते.

सासवण्याचे घर

मांडव्याच्या धक्क्यावरून अलिबागकडे निघाले की काही किलोमीटरवर सासवणे लागते. तेथे रस्त्यालगत शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आहे आणि त्याच घरात त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. नानासाहेब करमरकर १८९१ मध्ये याच गावात जन्मले आणि १९६७ मध्ये वारले. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले. साहेबाने मुलाची चौकशी केली आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडण्याची व्यवस्था केली. पुढे ते कलकत्त्यात काम करून आले, लंडनला शिकून आले, आणि १९२८ मध्ये पुण्यात बसविलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्रॉंझ पुतळा त्यांनी घडविला. पुतळा एकसंध ओतलेला, म्हणून त्या काळी त्याची फार चर्चा झाली.

आम्ही त्या घरात गेलो तेव्हा आम्हांला सर्वांत भावली ती तेथली सिमेंटची कामे. आवारातली म्हैस इतकी हुबेहूब आहे की लांबून आलेला माणूस थबकतो. संगमरवर नाही, ब्रॉंझ नाही, गवंडी वापरतो तेच सिमेंट. माल तोच, हातात तालीम असली की किंमत बदलते. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

येथे काही वाचक भुवया उंचावतील. पुतळे, तसबिरी, त्यांचे कौतुक मुस्लिम साप्ताहिकात? आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पुतळे घडविणे हा आपला मार्ग नाही आणि ते शिकवा असे आम्ही म्हणत नाही. पण हुनर म्हणजे फक्त पुतळे नव्हेत. खत्ताती आहे, लाकडावरची जाळी आहे, नक्षी आहे, विणकाम, छपाई, जरदोजी, बोट बांधणे आहे. मशिदीचे मिंबर बनविणाऱ्या सुताराला कोनाचे आणि मापाचे जे ज्ञान लागते ते रेखाकलेचेच ज्ञान आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तख्तीला मुलतानी माती फासून, बोरूचे कलम छाटून आमच्याकडून अक्षर घोटवून घेतले जाई. कलमाची कत तिरकी किती छाटायची यावरून मौलवीसाहेबांच्या छड्या खाल्ल्या आहेत. त्या घोटण्यानेच नजर तयार झाली. आजही तागा उलगडला की कापड किती सूत वाकडे गेले आहे हे पट्टी न लावता सांगतो. आता तख्ती गेली, आणि तिच्या जागी काही आले नाही.

शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा असतात. त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. आपल्या किती शाळा मुलांना या परीक्षांना बसवितात? सासवण्याचे ते घर पाहायला आपल्या किती शाळांची सहल गेली? एका मुलाच्या चित्राकडे एका कलेक्टरचे लक्ष गेले आणि एवढे घडले. आपल्या मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर काय काढलेले असते, ते आपण पाहतो तरी का? आम्ही स्वतः पाहिले नाही, हे कबूल करतो. आमच्या एका भाच्याला हा नाद होता. आम्ही त्याला गल्ल्यावर बसविले. आज तो गल्ल्यावर आहे, हिशेब चोख ठेवतो, आणि बिलाच्या मागे अजून नक्षी काढीत असतो.

किहीमची दुसरी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली हे बोहरा घराण्यातले. जर्मनीहून शिकून आले तर हाताला नोकरी नाही. तेव्हा ते किहीमला येऊन राहिले आणि १९३० मध्ये घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर घरटे विणतो. अर्धे विणून झाले की मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते, नाही तर निघून जाते. त्या एका अभ्यासाने सालिम अलींचे नाव झाले. सुगरणीचा तो नर आम्हांला आपल्या धंद्यातलाच वाटतो. अर्धा माल तयार करून गिऱ्हाईकाची वाट पाहत बसायचे, आणि पसंत नाही पडले तर पुन्हा दुसरीकडे विणायला घ्यायचे.

गॅलरी आल्या, दार कोणासाठी?

गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात कलेचे लोकही आले. मुंबईत कुलाब्याला असलेली 'द गिल्ड' ही गॅलरी मांडवा-अलिबाग रस्त्यावर रांजणपाड्याला आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत ज्यांचा वाटा होता ते दशरथ पटेल (१९२७-२०१०) शेवटच्या काळात अलिबागकडे राहिले आणि त्यांच्या कामाचे संग्रहालय चोंढीजवळ बामणसुऱ्याला उभे राहिले. घरसजावटीची दुकाने निघाली, बाग लावलेली उपाहारगृहे निघाली. धक्क्यावरही बसून खाण्यापिण्याची सोय झाली.

ही मंडळी येथे आली याबद्दल आमची तक्रार नाही. उलट आम्ही म्हणतो, या. मुंबईत जागा उरली नाही की चांगली गोष्ट अलिबागला येते, हे जुनेच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलविले ते आजतागायत चालू आहे. तक्रार एवढीच की या गॅलरींच्या दारांतून आत जाण्याची गावच्या माणसाला हिंमत होत नाही. मज्जाव कोणी करीत नाही, पण बोलावीतही कोणी नाही. आणि आपणही "हे आपले नव्हे" म्हणून पुढे जातो. मुंबईत काळा घोडा भागात १९९९ पासून दरवर्षी कलामहोत्सव भरतो. त्याला प्रवेशमूल्य नसते, रस्त्यावर कारागिरांचे स्टॉल लागतात, गर्दी लोटते. तेथे जाण्यासाठी कोणाला इंग्रजी बोलावे लागत नाही. तसे काही मांडव्याच्या धक्क्यावर थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवारी झाले तर? बोटीतून उतरणारे गिऱ्हाईक आधीच तेथे आहे. जाहिरातीचा खर्च नाही.

पण नुसता बाजार भरवून भागणार नाही, हे आम्ही स्वतःच्या नुकसानीतून शिकलो आहोत. ते सांगितल्याशिवाय पुढचे पटणार नाही.

मागे एका बंगल्याच्या पडद्यांचे काम आम्ही घेतले. कापड आमचे, उत्तम लिनन. शिलाई आमच्या ओळखीच्या एका उस्तादांची. तीस वर्षे शेरवानी शिवलेला हात, टाक्यात खोट काढायला जागा नाही. पडदे लागले, मालक खूश, पैसे हाती आले. दोन महिन्यांनी पडदे धुतले आणि जमिनीपासून चार बोटे वर गेले. लिनन आटते हे आम्हांला ठाऊक होते, पण कापड आधी पाण्यातून काढायला हवे हे आम्ही सांगितले नाही, कारण आम्ही विकणारे. उस्तादांनी विचारले नाही, कारण शेरवानी कोणी पाण्यात धूत नाही. माप, कापड आणि वापर या तिन्हींचा एकत्र विचार करणारा माणूस मध्ये कोणी नव्हताच. सगळे पडदे परत आले. नुकसान आम्ही सोसले, पण उस्तादांचे मन मोडले ते वेगळेच. मुंबईत जो पडदे शिवून देतो त्याचा टाका आमच्या उस्तादांपुढे काहीच नाही. पण त्याच्याकडे हे प्रश्न विचारणारा शिकलेला मुलगा आहे.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. आमच्याकडून काही बायका घरी बसून उशीच्या खोळी शिवतात, त्यावर हाताने कशिदा काढतात. एका खोळीला आम्ही चाळीस रुपये देत होतो. माल एका फेरीवाल्या दलालामार्फत जाई. पुढे एका घरसजावटीच्या दुकानात तीच खोळ आम्ही साडेआठशेला पाहिली. तोच टाका, तोच कोपरा. आधी दलालाचा राग आला. घरी येईपर्यंत लक्षात आले की चाळीसचा आकडा आम्हीच ठरविला होता. त्या खोळीची किंमत काय होऊ शकते हे त्या बाईला ठाऊक नव्हते आणि आम्हांलाही नव्हते. ज्याला ठाऊक होते त्याने मधले सगळे घेतले. आता आम्ही जास्त देतो. किती, ते येथे सांगून फुशारकी मारीत नाही.

अजरखपूरचा धडा

हे बदलता येते का? कच्छमध्ये आपल्याच खत्री बांधवांनी बदलून दाखविले आहे. अजरखची छपाई करणारी ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या धमडकामध्ये होती. रासायनिक रंग आले आणि स्वस्त छापील कापड आले तेव्हा हा धंदा जवळजवळ संपला होता. मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी नीळ, मंजिष्ठा, डाळिंबाची साल हे जुने रंग पुन्हा हाती घेतले आणि मुलांना शिकविले. २००१ च्या भूकंपात गाव कोसळले आणि पाणीही बिघडले. अजरखच्या रंगाला पाणीच सर्व काही असते. तेव्हा या लोकांनी भूजजवळ नवी जागा घेऊन गाव वसविले आणि त्याचे नावच ठेवले अजरखपूर. सिद्दीक साहेबांचे चिरंजीव इस्माईल खत्री यांना इंग्लंडमधील लेस्टरच्या डी माँटफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

पण आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. २००५ मध्ये कच्छात कला रक्षा विद्यालय निघाले आणि २०१४ मध्ये सोमैया कला विद्या. येथे विद्यार्थी म्हणून येतो तो कारागीरच. वर्षातून काही वेळा थोडे दिवस येऊन शिकायचे, परत घरी जाऊन काम करायचे, पुन्हा यायचे. त्यामुळे रोजी बुडत नाही. रंगसंगती, नवी नक्षी बसविणे, भाव काढणे, गिऱ्हाईकाशी बोलणे, हे सर्व त्यांच्या भाषेत शिकवितात. टाका कसा घालायचा हे त्यांना कोणी शिकवीत नाही, ते त्यांना येतेच. २०१६ मध्ये अजरखपूरमध्येच कच्छच्या हस्तकलांचे मोठे संग्रहालय उभे राहिले. आज बाहेरचा माणूस कापड घ्यायला गावात येतो, संग्रहालय पाहतो, कारखान्यात जातो, आणि कारखानदाराच्या हातातच पैसे ठेवतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर व्यापाऱ्याचे लिखाण खोटे ठरेल. न्यूयॉर्क शहरात सोहो म्हणून भाग आहे. एके काळी तेथे कापडाची गोदामे आणि लहान कारखाने होते. धंदा गेला, गोदामे रिकामी पडली, चित्रकार स्वस्त भाड्यात राहायला आले, मागून गॅलरी आल्या, त्यांच्यामागून महागडी दुकाने. शेवटी भाडे इतके चढले की ज्यांनी भाग जिवंत केला त्या चित्रकारांनाच उठावे लागले. चोंढीत भाड्याच्या गाळ्यात बसलेल्या शिंप्याने, सायकलवाल्याने, किराणेवाल्याने हे लक्षात ठेवावे. पेठ फुलते तेव्हा ज्याची जागा स्वतःची तो तरतो. म्हणून गाळा विकू नका, निदान आज विकू नका, असे आम्ही ज्याला त्याला सांगत असतो.

आणि येथेच आमची स्वतःची परीक्षा आहे.

चोंढीच्या रस्त्याला आमचे एक जुने गोदाम आहे. वडिलांच्या वेळचे, तिघा भावांच्या नावावर. आता त्यात माल थोडा आणि अडगळ फार. गेल्या वर्षभरात दलाल चार वेळा येऊन गेला. प्रत्येक वेळी आकडा वाढवून सांगतो. धाकट्या भावाचे म्हणणे, विकून मोकळे व्हावे, मुलींची लग्ने आहेत. त्याचे चूक आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. थोरल्याचे म्हणणे, भाड्याने द्यावे. आमच्या मनात तिसरेच आहे. पुढचा भाग भाड्याने द्यावा, घरखर्चाला तो पुरेल, आणि मागची खोली असरनंतरच्या वर्गासाठी ठेवावी. पडदे आणि गाद्यांच्या खोळींचे कटिंग, माप, कापडाची ओळख, आटण्याचा हिशेब. एका बाजूला सुतारांसाठी चित्रावरून काम कसे वाचायचे ते. आठवड्यातून एक दिवस बिल, जीएसटी आणि भाव काढणे. शिकवायला आमचे उस्ताद तयार आहेत. त्या पडद्यांनंतर त्यांनीच विचारले, "हे आधी कोणी सांगितले असते तर?"

पैशाचा विचार केला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरांचा समावेश आहे. त्यात सुतार, शिंपी, गवंडी, बोट बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारे, टोपल्या-चटया विणणारे आहेत. मूळ प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, त्या दिवसांत रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजारांची मदत, आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा. पण प्रशिक्षण आणि अवजारे यांत व्याज नाही, हे तरी आपल्या मुलांपर्यंत पोहोचवावे. नावनोंदणी सेवा केंद्रात होते, आधार कार्ड लागते, आणि घरटी एकालाच लाभ मिळतो. आमच्या ओळखीच्या सुतारांना याबद्दल विचारले तर निम्म्यांनी नाव ऐकले होते, अर्ज मात्र एकानेही केला नव्हता. "कागद कोण करणार?" एवढेच उत्तर. कागद करून द्यायला जमातीतले दोन कॉलेजचे तरुण बसविले तरी पुष्कळ होईल.

गॅलरीवाल्यांकडे आमची मागणी मोठी नाही. महिन्यातून एक दिवस मराठी आणि उर्दू शाळांच्या मुलांना बोलवा. तुमच्याकडे येणाऱ्या चित्रकाराला, डिझाइनवाल्याला तासभर आमच्या वर्गात पाठवा. त्याच्याकडून आमचे सुतार शिकतील, आणि आमच्या सुताराकडून तोही काही शिकून जाईल. मागच्या महिन्यात यासंबंधी आम्ही एका ठिकाणी बोलून आलो. बाईंनी चहा दिला, सगळे ऐकून घेतले, आणि विचारले, "तुमच्याकडे मुली येऊ शकतील का?" आम्ही म्हणालो, येतील, वेळ दुपारची ठेवावी लागेल आणि शिकवायला बाई हवी. त्या म्हणाल्या, बाई आम्ही देऊ. एवढे सोपे असेल असे आम्हांला वाटले नव्हते. खोळी शिवणाऱ्या बायकांना घरी जाऊन हे सांगितले, तर त्यांचा पहिला प्रश्न, फी किती? दुसरा, तिकडच्या दुकानात खोळीचा भाव काय चालला आहे?

भावांची बैठक पुढच्या जुम्याला नमाजनंतर आहे. दलालाला आम्ही तूर्त पावसाळ्यानंतर यायला सांगितले आहे. गोदामाच्या पत्र्याला मागच्या बाजूने दोन ठिकाणी गळती आहे, ती त्याआधी काढून घ्यावी लागेल.